खुर्चीशेजारची खुर्ची

विद्यापीठ आणि महाविद्यालयांतील स्वीय सहायकांच्या प्रगतीचा विचार

व्यापारी पेढीची जुनी रचना ज्यांना आठवते, त्यांना गादीशेजारची दुसरी बैठकही आठवत असेल. गादीवर शेठजी बसत आणि त्यांच्या शेजारी, उतरत्या लाकडी मेजामागे, मुनीमजी. रोजमेळ त्यांच्या हाती असे, खतावणी त्यांच्या देखरेखीखाली असे आणि कोणत्या गावच्या कोणत्या आसामीला किती उधारी पेलेल याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असे. शेठजी परगावी गेले तरी पेढी उघडी राही, कारण मुनीमजी जागेवर असत. या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य होते. पाणी भरण्यासाठी आणि निरोप पोहोचवण्यासाठी ठेवलेला मुलगा कालांतराने गुमास्ता होई, गुमास्त्याचा मुनीम होई आणि इमान व अक्कल या दोन्ही कसोट्यांना उतरलेल्या मुनीमाला अनेक पेढ्या नफ्यात आणा-दोन आण्यांची पातीही देत. गादीशेजारच्या बैठकीवरून गादीपर्यंत जाण्याची वाट अरुंद होती, परंतु ती होती.

आज शिक्षणसंस्थांच्या कार्यालयांत अशीच एक शेजारची खुर्ची आहे. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव यांच्या दालनाबाहेर बसणाऱ्या स्वीय सहायकाची ती खुर्ची. भेटीसाठी येणारा प्रत्येक पालक, विद्यार्थी, प्राध्यापक आणि पुरवठादार आधी तिच्याशी बोलतो. मात्र या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीची पुढची पायरी कोणती, असा प्रश्न केला तर बहुतेक संस्थांपाशी स्पष्ट उत्तर नसते. बारामती आणि इंदापूर परिसरातील व्यापारी जैन घराण्यांना हा प्रश्न दोन बाजूंनी स्पर्श करतो. या घराण्यांतील माणसे शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आणि देणगीदार आहेत, आणि याच घराण्यांतील वाणिज्य शाखेच्या पदवीधर मुली, सुना आणि मुले उद्या त्या खुर्चीसाठी अर्ज करणार आहेत.

विद्यापीठाचे काम बारामतीत आले

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. बारामती आणि इंदापूर ही दोन्ही गावे त्याच्याच कार्यक्षेत्रात येतात. दीर्घ काळ विद्यापीठाचे काम म्हणजे पुण्यातील गणेशखिंडीचे काम, असेच या भागात समजले जाई. परीक्षेचा अर्ज असो वा गुणपत्रिकेतील दुरुस्ती, सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास ठरलेला असे.

ही स्थिती पालटली आहे. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. अनेकान्त एज्युकेशन सोसायटी ही त्याची मातृसंस्था. तिच्या नावातच एखाद्या गोष्टीकडे अनेक बाजूंनी पाहण्याचे तत्त्व सामावलेले आहे. हे महाविद्यालय आता स्वायत्त आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानाचा विस्तार अभियांत्रिकीपासून माहिती तंत्रज्ञानापर्यंत झाला आहे. इंदापुरात तालुका शिक्षण प्रसारक मंडळाचे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे.

स्वायत्ततेचा अर्थ विद्यार्थ्यांना बहुधा अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या संदर्भात कळतो. कार्यालयाच्या दृष्टीने तिचा अर्थ आणखी मोठा आहे. स्वायत्त महाविद्यालयाला नियामक मंडळ, विद्यापरिषद, अभ्यास मंडळे आणि वित्त समिती ही अधिकृत मंडळे चालवावी लागतात. प्रत्येक मंडळाच्या सभेची सूचना निघते, विषयपत्रिका तयार होते, सभा पार पडते, इतिवृत्त लिहिले जाते आणि ठरावांवर कार्यवाही झाल्याचा अहवाल पुढच्या सभेत ठेवला जातो. जे काम एके काळी गणेशखिंडीतील दालनांत होई, त्याचा मोठा हिस्सा आता बारामतीच्या दालनांत होतो. साहजिकच तेथील स्वीय सहायकाचे काम महाविद्यालयाच्या टंकलेखकाचे राहिले नसून विद्यापीठीय कार्यालयाचे झाले आहे. पदाचे नाव आणि पदाची प्रतिष्ठा मात्र या बदलाच्या मागे राहिली आहे.

पद एक, कामे अनेक

स्वीय सहायक म्हटले की साहेबांचे दूरध्वनी घेणारी आणि दौऱ्याची तिकिटे काढणारी व्यक्ती, असे चित्र अनेकांच्या मनात उभे राहते. ते अपुरे आहे. आवक पत्रांतील कोणते आज साहेबांसमोर गेलेच पाहिजे आणि कोणते संबंधित विभागाकडे परस्पर पाठवावे, हा निर्णय दिवसातून अनेकदा तिला घ्यावा लागतो. पत्राचे प्रारूप करणे, जुन्या धारिकेतून आधीचा निर्णय शोधून टिप्पणीला जोडणे, दोन विभागांकडून आलेल्या आकड्यांत तफावत असेल तर ती सभेपूर्वी लक्षात आणून देणे, ही सारी कामे तिचीच.

यातूनच स्वीय सहायक आणि कार्यकारी सहायक यांतील भेद स्पष्ट होतो. स्वीय सहायक अधिकाऱ्याचा वेळ सांभाळतो. कार्यकारी सहायक अधिकाऱ्याचे विषय सांभाळतो. एखाद्या ठरावावर कोणाकडून काय यायचे आहे, ते कोठे अडले आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत आले नाही तर काय नुकसान होईल, याचा पाठपुरावा कार्यकारी सहायकाकडे असतो. व्यवहारात एकच व्यक्ती दोन्ही कामे करते. नियुक्तीपत्रात मात्र पहिल्याच कामाचा उल्लेख असतो, आणि पगार, बढती व मूल्यमापन हे सारे नियुक्तीपत्रावरून ठरते.

या कामातील जोखीम समजण्यासाठी इतिवृत्ताचे उदाहरण पुरेसे आहे. दोन तासांच्या सभेत दहा जण बोलतात, दोघांचे मतभेद होतात, एक जण आधीचे मत बदलतो. अखेरीस ठराव उतरतो तीन ओळींचा. त्या तीन ओळींवर नेमणूक, खरेदी, विद्यार्थ्याचा प्रवेश किंवा एखाद्या प्राध्यापकाची वेतननिश्चिती अवलंबून असते. वाद न्यायालयात गेला तर सभेतील भाषणे कोणी विचारात घेत नाही. त्या तीन ओळी वाचल्या जातात. ज्याने त्या लिहिल्या, त्याचे नाव कोठेही नसते.

प्रवेशाचा दरवाजा

महाराष्ट्रात या व्यवसायाचा परंपरागत प्रवेश लघुलेखनातून होतो. इंग्रजी लघुलेखनाची आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धती भारतातील कचेऱ्यांत रुजली आणि पुढे मराठी लघुलेखनही विकसित झाले. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा या क्षेत्रात आजही ग्राह्य धरल्या जातात. शासकीय व निमशासकीय भरतीत साधारणपणे लघुटंकलेखकासाठी मिनिटाला ८० शब्द, निम्न श्रेणी लघुलेखकासाठी १०० शब्द आणि उच्च श्रेणी लघुलेखकासाठी १२० शब्द असा लघुलेखनाचा वेग मागितला जातो. त्याच्या जोडीला मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्द असावा लागतो. यंत्रावरील टंकलेखनाची जागा आता संगणकावरील परीक्षेने घेतली आहे आणि संगणक अर्हतेचे प्रमाणपत्रही आवश्यक असते.

८० वरून १०० आणि १०० वरून १२० ही मजल ऐकायला लहान वाटते. प्रत्यक्षात तिच्यासाठी महिनोन्महिने रोजचा श्रुतलेखनाचा सराव लागतो. या दोन टप्प्यांत केवळ वेग वाढत नाही. ऐकताना वाक्याचा रोख ओळखण्याची सवय लागते. म्हणूनच बोललेले शब्द आपोआप टंकित करणारी साधने मोबाइलवर आली तरी हे शिक्षण निरुपयोगी ठरलेले नाही. यंत्र दहा जणांचे बोलणे कागदावर उतरवील. त्यातील चर्चा कोणती आणि निर्णय कोणता, कोणते वाक्य नोंदवावे आणि कोणते रागाच्या भरात निसटलेले म्हणून सोडून द्यावे, हे कळण्यासाठी ऐकणारा माणूसच लागतो.

तरीही हे मान्य केले पाहिजे की केवळ वेगाच्या बळावर उभे असलेले करिअर यापुढे टिकणार नाही. वेग हा दरवाजा आहे. आतली वाट दुसऱ्या गुणांवर चालावी लागते.

शिडी कोठे संपते

विद्यापीठाच्या कार्यालयात साधारणपणे दोन शिड्या शेजारीशेजारी उभ्या असतात. एक लिपिकवर्गीय शिडी : कनिष्ठ आणि वरिष्ठ पातळीवरील लिपिक किंवा सहायक, मग कक्षाधिकारी, त्यापुढे सहायक कुलसचिव, उपकुलसचिव आणि कुलसचिव. दुसरी लघुलेखकांची शिडी : लघुटंकलेखक, निम्न श्रेणी लघुलेखक, उच्च श्रेणी लघुलेखक किंवा स्वीय सहायक. दुसरी शिडी आखूड आहे. तिच्या वरच्या पायरीवर तरुणपणीच पोहोचलेली कर्तबगार व्यक्ती पुढील वीस वर्षे तेथेच उभी राहण्याची शक्यता असते, कारण एका शिडीवरून दुसरीवर जाण्याची वाट नियमांत असली तरी तिची माहिती आणि तयारी फार थोड्यांपाशी असते.

याखेरीज एक अडचण पदाच्या नावातच दडलेली आहे. ‘स्वीय’ म्हणजे स्वतःचा. स्वीय सहायक हा संस्थेपेक्षा त्या अधिकाऱ्याचा मानला जातो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्राचार्यांची नेमणूकही पाच वर्षांसाठी होते आणि कामगिरी पाहून ती आणखी पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणजे तीस वर्षांच्या सेवेत एखादा सहायक सहा कुलगुरू पाहू शकतो. प्रत्येक बदलाच्या वेळी त्याच्या निष्ठेची नव्याने परीक्षा होते. आधीच्या साहेबांचा माणूस म्हणून त्याला दुसऱ्या विभागात हलवले, तर त्याच्याबरोबर कार्यालयाची स्मृतीही जाते. पेढीचा मुनीम शेठजींचा नव्हता, पेढीचा होता. वडील गेले आणि चिरंजीव गादीवर बसले तरी मुनीमजी जागेवर असत. शिक्षणसंस्थांनी घेण्यासारखा धडा येथे आहे.

आर्थिक बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यातील विद्यापीठे आणि महाविद्यालये यांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी संप पुकारला तेव्हा आश्वासित प्रगती योजना पुन्हा लागू करणे आणि रिक्त पदे भरणे या त्यांच्या मागण्यांत होत्या. आश्वासित प्रगती योजनेचे तत्त्व असे की बढतीसाठी जागाच उपलब्ध नसेल, तर ठरावीक सेवेनंतर निदान वेतनात तरी पुढचा टप्पा मिळावा. ज्यांची शिडीच आखूड आहे, त्यांच्या संसाराला या योजनेचा मोठा आधार असतो. विनाअनुदानित संस्थांत एकत्रित मानधनावर काम करणाऱ्या सहायकांना तर अशी शिडी आणि असा आधार, दोन्हीही नसतात.

लेखणीने चढलेल्या पायऱ्या

महाराष्ट्राच्या इतिहासात लेखणीचे काम कमी प्रतीचे मानले गेलेले नाही. बाळाजी आवजी हे शिवछत्रपतींचे चिटणीस होते आणि मोडी लेखनाच्या एका वळणाला ‘चिटणिशी’ हे नाव लाभले आहे. पेशवाईतील नाना फडणीस यांचे पद मुळात हिशेब आणि दफ्तर यांचे. परंतु दफ्तर ज्याच्या हाती, त्याला राज्याचे जमाखर्च, करार आणि माणसे यांची जी जाण येते, तिच्या बळावर ते अखेरीस साऱ्या मराठी राज्याचे कारभारी झाले. चिटणीस, फडणीस, पारसनीस ही आडनावे त्या कचेऱ्यांची आठवण आजही जपून आहेत.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई यांची समाधी आहे. १९१७ पासून १५ ऑगस्ट १९४२ रोजी तेथेच बंदिवासात देहावसान होईपर्यंत, पंचवीस वर्षे, ते महात्मा गांधींचे सचिव होते. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने पत्रव्यवहार आणि भेटीगाठी सांभाळल्या, रोजनिशी लिहिली आणि गांधीजींच्या आत्मकथेचा इंग्रजी अनुवाद केला. सहायकाने स्वतःची विद्या वाढवत नेली तर त्याचे काम किती उंचीवर जाऊ शकते, याचे हे पुणे जिल्ह्यातील स्मारकच होय.

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचे उदाहरण व्यापारी घराण्यांना अधिक जवळचे वाटेल. सोलापूरच्या दोशी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाजवाहतूक, साखर, विमाननिर्मिती आणि मोटार असे उद्योग उभारले. मुंबई, विशाखापट्टणम, बंगळूर आणि इंदापूर तालुक्यातील माळरान इतक्या अंतरावर पसरलेला तो कारभार दूरध्वनी दुर्मीळ असलेल्या काळात पत्रे, तारा आणि टिपणे यांवरच चालणे शक्य होते. मोठा उद्योग म्हणजे मोठा पत्रव्यवहार, आणि मोठा पत्रव्यवहार म्हणजे तो विश्वासाने सांभाळणारी माणसे.

परदेशात या व्यवसायाने स्वतःची प्रतिष्ठा संघटनेच्या आणि परीक्षेच्या मार्गाने मिळवली. अमेरिकेत १९४२ मध्ये सचिवांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९५१ मध्ये तिने व्यावसायिक सचिवांसाठी प्रमाणन परीक्षा सुरू केली. साहेबांची मर्जी हेच एकमेव प्रमाणपत्र असू नये, आपल्या कौशल्याचा पुरावा आपल्या हाती असावा, हा त्यामागचा विचार होता.

पुढच्या पायऱ्या कोणत्या

विद्यापीठातील सहायकाला प्रशासकीय शिडीवर जाण्यासाठी पहिली गरज पदव्युत्तर पदवीची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषांनुसार सहायक कुलसचिव पदासाठी किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी अपेक्षित असते. कुलसचिव पदासाठी अध्यापनाच्या अनुभवाप्रमाणेच प्रशासकीय अनुभवाचाही मार्ग आहे : पंधरा वर्षांचा प्रशासकीय अनुभव, त्यांपैकी आठ वर्षे उपकुलसचिव किंवा समकक्ष पदावरील. म्हणजे वाट लांब आहे, पण बंद नाही. येथे ५५ हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नोकरी लागली म्हणून एम.कॉम. कसेबसे पूर्ण करणाऱ्याला दहा वर्षांनंतर एका टक्क्याची किंमत कळते. नोकरी करत शिकण्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उपलब्ध आहेच.

दुसरी गरज नियमांच्या अभ्यासाची. २०१६ चा विद्यापीठ अधिनियम, त्याखालील परिनियम आणि अध्यादेश, २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम, २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा, एवढ्यांचा परिचय असलेला सहायक कार्यालयाला अपरिहार्य होतो. माहितीच्या अर्जाला साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्ज कोणत्या दिवशी आला याची नोंद ठेवणारा सहायकच त्या मुदतीचा खरा रखवालदार असतो.

तिसरी गरज भाषेची. शासनाशी पत्रव्यवहार मराठीत आणि आयोग, मूल्यांकन परिषद व परराज्यांतील संस्थांशी इंग्रजीत, असे दुहेरी काम विद्यापीठात चालते. घरी गुजराती किंवा मारवाडी, बाजारात मराठी, माल मागवताना हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा चार भाषांत वाढलेल्या व्यापारी घरातील मुलामुलींना येथे उपजत सोय आहे. तिला शुद्धलेखनाची आणि कार्यालयीन परिभाषेची जोड दिली पाहिजे.

चौथी गरज आकड्यांची. मूल्यांकनासाठी राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेला द्यावयाची माहिती, विद्यार्थिसंख्या, निकाल, अनुदानाचा विनियोग हे सारे तक्त्यांत मांडावे लागते. तक्त्यातील विसंगती ज्याच्या डोळ्यांना आपोआप खुपते, त्याला कार्यालय लवकरच लिपिक मानणे सोडून सल्लागार मानू लागते.

या साऱ्यांच्या मुळाशी असलेला गुण शिकवता येत नाही : गुप्तता. कोणाच्या चौकशीची धारिका साहेबांच्या मेजावर आहे, कोणाची निवड होणार आहे, कोणती निविदा कितीची आहे, हे सहायकाला आधी कळते. ते घरीही न बोलण्याची शिस्त व्यापारी कुटुंबांना परकी नाही. गिऱ्हाइकाची उधारी चौकात सांगायची नसते, हा संस्कार दुकानातच होतो.

विश्वस्तांच्या हाती असलेल्या गोष्टी

शासनमान्य पदांची संख्या आणि वेतनश्रेणी ठरवणे संस्थांच्या हाती नसते. पुष्कळशा गोष्टी मात्र त्यांच्या हाती असतात आणि त्यांना फारसा खर्चही येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे कामाचे लेखी स्वरूप. सहायक प्रत्यक्षात काय करतो, हे एकदा कागदावर यावे आणि दर दोन वर्षांनी तपासले जावे. जे काम लिहिलेले नाही, त्याचे मूल्यमापन होत नाही. दुसरी गोष्ट, नेमणूक व्यक्तीच्या दिमतीला न करता कार्यालयाच्या नावे करावी. म्हणजे अधिकारी बदलला तरी सहायकाची निष्ठा वादात येणार नाही. तिसरी गोष्ट, पदव्युत्तर शिक्षणाचे शुल्क संस्थेने भरावे आणि परीक्षेच्या दिवसांत रजा द्यावी. शिष्यवृत्तीसाठी देणगी देणाऱ्या घराण्यांनी आपल्याच संस्थेतील कर्मचाऱ्याच्या एम.कॉम.चा विचार त्याच वात्सल्याने करायला हवा. चौथी गोष्ट, परीक्षा, लेखा आणि विद्यार्थी विभागांत काही महिने काम करण्याची संधी द्यावी, कारण पुढे कक्षाधिकारी व्हायचे तर एकाच दालनाचा अनुभव पुरत नाही. पाचवी गोष्ट, सहायक निवृत्त होण्यापूर्वी किमान सहा महिने त्याच्या हाताखाली दुसरी व्यक्ती तयार व्हावी. अन्यथा तीस वर्षांची माहिती निरोप समारंभाच्या शालीबरोबर घरी जाते.

यातून संस्थेचाही लाभ आहे. २०१६ च्या अधिनियमानुसार अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद यांचा सचिव म्हणून कुलसचिवच काम पाहतो. म्हणजे विद्यापीठाच्या प्रशासनातील एका सर्वोच्च अधिकाऱ्याचे कामही मुळात सचिवाचेच आहे : सूचना काढणे, नोंद ठेवणे, निर्णयाची अंमलबजावणी होईल हे पाहणे. हीच कला लहान प्रमाणावर स्वीय सहायक रोज गिरवत असतो. उद्याचे प्रशासक कोठे शोधावेत, असा प्रश्न ज्या संस्थांना पडतो, त्यांनी दालनाच्या दाराबाहेर एकदा पाहावे.

घरातील निर्णय

व्यापारी घरांत नोकरीविषयी एक जुना संकोच आहे. दुसऱ्याची चाकरी कशाला, त्यातही कोणाचा सहायक होणे कशाला, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. मुलीच्या किंवा सुनेच्या बाबतीत त्यात सुरक्षिततेची काळजी मिसळते. ही काळजी अनाठायी नाही, आणि तिचे उत्तर घरी बसवणे हेही नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार, २०१३ पासून, अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. अर्ज करण्यापूर्वी ती समिती अस्तित्वात आहे का, तिची नावे फलकावर लावली आहेत का, कामाची वेळ लेखी ठरली आहे का, हे विचारणे कुटुंबाचा हक्क आहे. चांगली संस्था अशा प्रश्नांनी दुखावत नाही.

संकोचाची दुसरी बाजूही तपासून पाहावी. बी.कॉम. झालेली सून दुकानाची बिले करते, वस्तू व सेवा कराची विवरणे वेळेवर जातील हे पाहते, पुरवठादारांशी बोलते, देण्याघेण्याच्या तारखा लक्षात ठेवते. हेच काम ती विद्यापीठात किंवा महाविद्यालयात करील तेव्हा तिला पद, वेतन आणि अनुभवाचा दाखला मिळेल. तेथे घडलेले कसब अन्यत्रही उपयोगी पडते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील वाहन, दुग्धप्रक्रिया आणि यंत्रसामग्रीच्या मोठ्या कारखान्यांना सभा, अहवाल आणि पत्रव्यवहार जाणणारे कार्यकारी सहायक लागतात. पुढे घरचा व्यवसाय वाढला आणि त्याची कंपनी करण्याची वेळ आली, तर संचालक मंडळाची सभा कशी भरवावी आणि तिचे इतिवृत्त कसे लिहावे, हे जाणणारी व्यक्ती घरातच असेल.

मुलांनाही हेच लागू आहे. धाकट्या मुलाने गल्ल्यावर बसावे की बाहेर जावे, हा प्रश्न आज प्रत्येक बाजारपेठेत विचारला जातो, कारण एका दुकानात तीन भावांचे संसार सामावत नाहीत. ज्याला माणसे ओळखता येतात, हिशेब चुकत नाही आणि ऐकलेले पोटात ठेवता येते, त्याच्यासाठी हे क्षेत्र योग्य आहे. मात्र पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी मनाशी पक्क्या असाव्यात : लघुलेखनाचा वेग १२० पर्यंत नेणे आणि पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांहून अधिक गुणांनी मिळवणे. एका गोष्टीने दरवाजा उघडतो, दुसरीने जिना.

जून महिन्यात महाविद्यालये पुन्हा गजबजतात आणि संस्थांच्या वार्षिक सभांची तयारीही सुरू होते. त्या सभांच्या विषयपत्रिकेत इमारत निधी, नवे अभ्यासक्रम आणि शुल्क यांबरोबर ‘कार्यालयीन सहायकांचे प्रशिक्षण व पदोन्नती’ हा आणखी एक विषय घालता येईल. तो विषय टंकित करणाऱ्या व्यक्तीला स्वतःसाठी लिहिलेली ती पहिली ओळ वाटेल.